बटणाला नाव द्या

माझ्या फोनचा पडदा दिवसभर काळाच असतो. टॉकबॅक या, पडदा बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये पडदा झाकून ठेवायची सोय आहे, ती मी कायम चालू ठेवते. मला त्या उजेडाचा उपयोग नाही, बॅटरी वाचते ती वेगळीच, आणि लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईला माझे मेसेज वाचता येत नाहीत. एखादीला मात्र राहवत नाही. "ताई, फोन बंद पडलाय तुमचा," असं ती सांगतेच. मी म्हणते, "चालू आहे हो, माझ्या कानात बोलतोय."

मला जन्मापासून दिसत नाही. राहते डोंबिवलीला, नोकरी मुंबईत, एका सरकारी कार्यालयात. डोळस माणसं मला विचारतात, तू फोन वापरतेस तरी कसा? ज्यांची दृष्टी नुकतीच गेली आहे ती माणसं, किंवा बहुधा त्यांची मुलं, वेगळं विचारतात : अंधांसाठी सगळ्यात चांगलं ॲप कुठलं? ओळखीच्या ओळखीतून असे फोन येतच असतात. दोन मिनिटांत देण्यासारखं ते उत्तर नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

आधी फोन चालतो कसा ते सांगते. कॉलेजात असताना माझ्याकडे नोकियाचा सिम्बियन फोन होता आणि त्यावर 'टॉक्स' नावाचं बोलणारं सॉफ्टवेअर होतं. त्या फोनची बटणं हाताला लागायची. पाचच्या बटणावरचा उंचवटा सापडला की बाकीचा कीपॅड बोटांना आपोआप कळायचा. मग टचस्क्रीनचे फोन आले आणि आम्हा मित्रमैत्रिणींचं धाबं दणाणलं. गुळगुळीत काचेवर हाताला लागणार काय? पण २००९ साली ॲपलनं आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर दिला आणि त्याच वर्षी गूगलनं अँड्रॉइडसाठी टॉकबॅक आणलं. आयफोन माझ्या पगारात बसणारा नव्हता. अँड्रॉइडवर बोट फिरवून पडदा ऐकण्याची सोय २०११-१२ च्या आवृत्त्यांमध्ये आली, त्यानंतर कुठे साध्या किमतीचा फोन आमच्या कामाचा झाला.

टॉकबॅक चालू असलं की बोट जिथे टेकेल तिथलं नाव फोन बोलतो. ते उघडायचं असेल तर पडद्यावर कुठेही दोनदा टॅप करायचं. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. पान वरखाली करायचं तर दोन बोटं. नुसतं टेकल्यानं काही उघडत नाही, त्यामुळे डोळस माणूस माझा फोन हातात घेतो तेव्हा त्याला तो बिघडल्यासारखाच वाटतो. आवाजाचा वेग मी इतका वाढवलेला आहे की ऑफिसातल्या मंडळींना ते बोलणं वाटत नाही, नुसती खरखर वाटते. सवयीनं कान तयार होतो. नवीन माणसानं मात्र वेग कमी ठेवूनच सुरुवात करावी.

आता यातली गोम. पडद्यावर बटण दिसतं, त्याचं नाव फोनला कसं कळतं? ॲप तयार करणाऱ्यानं ते आत लिहून ठेवलेलं असतं म्हणून. बाणाच्या चित्राला त्यानं 'पाठवा' असं नाव दिलं असेल तर टॉकबॅक 'पाठवा, बटण' म्हणतं. नाव दिलंच नसेल तर एवढंच ऐकू येतं : 'लेबल नाही, बटण.' एका पानावर अशी सहा बटणं ओळीनं लागली की मी दारं मोजत बसते, कुठल्या दारामागं काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. एखादं ॲप आमच्यासाठी चांगलं की वाईट, हे बहुतेक वेळा या एका गोष्टीवर ठरतं. म्हणूनच मला विचाराल तर माझी आवडती ॲप्स बहुतांशी अंधांसाठी खास बनवलेली नाहीत. सगळे वापरतात तीच आहेत, फक्त त्यांची बटणं बोलतात.

पैशांपासून सुरुवात करते, कारण परावलंबन सगळ्यात जास्त बोचतं ते पैशाच्या व्यवहारात. नोटा आम्ही लांबीवरून ओळखायचो. जुनी शंभरची नोट १५७ मिलिमीटर आणि पाचशेची १६७, म्हणजे सेंटिमीटरभराचा फरक. बोटांत धरून घडी घातली की कळायचं. २०१६ च्या नोटाबंदीनंतर ज्या नव्या नोटा येत गेल्या त्यांत शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर. चार-चार मिलिमीटरचा फरक, तोही भाजीबाजारात, घाईत, घामेजल्या हातानं कसा ओळखायचा? कडेला उंचावलेल्या रेघा आहेत, शंभरला चार, पाचशेला पाच. दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन गोल. पण नोट चार हातांतून फिरली की त्या रेघा झिजून जातात. या नव्या नोटांवरून 'नॅब' ही आमची राष्ट्रीय संस्था मुंबई उच्च न्यायालयातही गेली होती.

१ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेनं 'मनी' हे ॲप आणलं. नोटेसमोर कॅमेरा धरला की ती किती रुपयांची आहे ते बोलून सांगतं, घडी घातलेली असली तरी ओळखतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही, तसं रिझर्व्ह बँकेनंही स्पष्ट केलेलं आहे. मी ते घरी वापरते. रविवारी पाकिटातल्या नोटा काढायच्या, एकेक ओळखून घ्यायची आणि वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची. दुकानात रांग लागलेली असताना नोटेचा फोटो काढत उभं राहणं जमत नाही.

दुकानातला माझा प्रश्न सोडवला यूपीआयनं. २०१६ साली ते सुरू झालं तेव्हा आमचा विचार कुणी फारसा केला असेल असं वाटत नाही, तरी आमच्यासाठी त्याहून मोठी सोय गेल्या काही वर्षांत झालेली नाही. आमच्या भाजीवाल्याकडे व्यवहार कसा होतो ते सांगते. मी विचारते, "भाऊ, कोड कुठंय?" तो गाडीला टांगलेल्या पाटीवर बोटानं टकटक करतो. मी त्या आवाजाच्या रोखानं फोन धरते आणि हळूहळू मागं घेते. कोड सापडला की पान बदलतं आणि टॉकबॅक त्याच्या दुकानाचं नाव वाचतं. मी विचारते, "गणेश व्हेजिटेबल म्हणजे तुम्हीच ना?" तो हो म्हणाला की रक्कम टाकायची. मग पिन. इथे इयरफोन हवाच, कारण अंकांवरून बोट फिरवताना फोन प्रत्येक अंक मोठ्यानं बोलतो. हवा तो अंक सापडला की तिथेच उचलायचं किंवा दोनदा टॅप करायचं, मग चौकटीत नुसता ठिपका पडल्याचं ऐकू येतं. शेवटी त्याच्या गाडीवरची डबी बोलते : अमुक रुपये प्राप्त झाले. ती डबी दुकानदाराला फसवणुकीपासून वाचवण्यासाठी आहे. पण मी किती पैसे दिले हे मला आणि त्याला एकाच वेळी, एकाच आवाजात कळतं, ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. सुट्टे बरोबर दिलेत का, हे शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारायची वेळ येत नाही.

प्रवासाच्या बाबतीत डोंबिवलीकराला एम-इंडिकेटर ॲपशिवाय गत्यंतर नाही, मग तो डोळस असो की अंध. गाडी कुठली, जलद की धीमी, फलाट कोणता, हे मी घरातून निघतानाच ऐकून घेते. स्टेशनात अपंगांच्या डब्याची जागा दाखवायला फलाटावर बीप-बीप वाजणारी यंत्रं लावलेली आहेत. काठी आणि ते यंत्र यांच्या भरवशावर मी डब्यापर्यंत पोचते. लांबच्या गाडीला 'व्हेअर इज माय ट्रेन' वापरते. फोन ज्या मोबाइल टॉवरच्या टप्प्यात असेल त्यावरून ते गाडीचा ठावठिकाणा काढतं, त्यामुळे घाटात इंटरनेट गेलं तरी चालतं. मागचं स्टेशन कुठलं गेलं, पुढचं किती किलोमीटरवर आहे, हे ऐकायला मिळतं आणि उतरायच्या स्टेशनासाठी गजर लावता येतो. पूर्वी रात्रीच्या गाडीत मी झोपायचेच नाही. कुठलं स्टेशन आलं हे समोरच्या बाकावर विचारायचं तर सगळे घोरत असायचे.

रिक्षा-टॅक्सीची ॲप्स बरी चालतात. गाडी ठरली की मी लगेच चालकाला मेसेज टाकते : मला दिसत नाही, हातात पांढरी काठी आहे, जवळ आलात की हॉर्न वाजवा आणि माझं नाव घ्या. बहुतेक जण तसं करतात. गूगल मॅप्स पायी जाताना उपयोगी आहे, पण ते मला दुकानाच्या आसपास नेऊन सोडतं, दारापर्यंत नाही. शेवटची वीस पावलं आणि उघडं गटार, त्यासाठी काठीच लागते. काठीला पर्याय असणारं ॲप अजून झालेलं नाही. कुणी तसा दावा केला तर विश्वास ठेवू नका.

आता कॅमेऱ्याच्या ॲप्सकडे वळते. खास आमच्यासाठी बनलेली ॲप्स म्हणजे मुख्यतः हीच. मायक्रोसॉफ्टचं 'सीइंग एआय' २०१७ साली आयफोनवर आलं. ते उभं करण्यात पुढाकार होता साकिब शेख या स्वतः दृष्टिहीन असलेल्या अभियंत्याचा. अँड्रॉइडवर यायला त्याला डिसेंबर २०२३ उजाडलं. तोवर मी गूगलचं 'लुकआउट' वापरत होते, अजूनही वापरते. दोन्हीत वेगवेगळे विभाग आहेत : समोरचा मजकूर लगेच वाचणं, पूर्ण पान वाचणं, वस्तू ओळखणं, नोटा ओळखणं. सीइंग एआयमध्ये एक विभाग उजेडाचा आहे. उजेड जास्त तसा आवाज चढत जातो. हा कशाला लागतो, असं डोळस माणसाला वाटेल. घरी पाहुणे येऊन गेले की कुठल्या तरी खोलीत दिवा चालू राहतो, मला पत्ता नसतो आणि तो रात्रभर जळतो. आता झोपण्यापूर्वी फोन हातात धरून घरभर एक फेरी मारली की काम झालं.

औषधाच्या पट्टीचं उदाहरण जरा नीट सांगते, कारण कॅमेरा वापरणं हे शिकावं लागतं आणि ते कुणी शिकवत नाही. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि माझ्या ॲसिडिटीच्या गोळ्या एकाच डब्यात असतात, पट्ट्या हाताला सारख्याच लागतात. टेबलावर गडद रंगाचा टॉवेल पसरायचा, त्यावर पट्टी पालथी, म्हणजे छापलेली बाजू वर. फोन आधी पट्टीवर टेकवायचा आणि कोपर टेबलावरच ठेवून सरळ वर उचलायचा, साधारण वीतभर. चांदीचा कागद चमकतो, म्हणून वरचा दिवा विझवून खिडकीचा उजेड घ्यायचा. मग तुकड्यातुकड्यानं ऐकू येतं : अ‍ॅम्लोडिपिन, टॅब्लेट्स, ५ एमजी. पट्टी उलटी पडली असेल तर काहीतरी अगम्य ऐकू येतं, ती फिरवायची आणि पुन्हा तेच. नाव आणि ताकद कळते, पण मुदत संपण्याची तारीख कडेला दाबून उठवलेली असते, ती कॅमेऱ्याला सहसा वाचता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून देशात सर्वाधिक खपणाऱ्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात औषधाचं नाव, बॅच आणि मुदतीची तारीख असते. हा नियम झाला बनावट औषधं ओळखण्यासाठी, पण आईची पट्टी त्या यादीतली असेल तर मी तारीख तिथून ऐकून घेते. नसेल तर दुकानदाराला विचारते आणि पट्टीला रबरबँड लावून ठेवते.

'बी माय आइज' बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. हान्स योर्गन वीबर्ग या डेन्मार्कमधल्या अंशतः दृष्टिहीन गृहस्थांनी ते २०१५ साली सुरू केलं. व्हिडिओ कॉल लावायचा, जगातला कुणीतरी डोळस स्वयंसेवक उचलतो आणि तुमच्या कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. वॉशिंग मशीनचा कुठला दिवा लुकलुकतोय, गॅसच्या बिलावर काय लिहिलंय, अशा कामाला ते उत्तम. २०२३ पासून त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. फोटो काढला की माणसाची वाट न पाहता वर्णन मिळतं आणि त्यावर पुढचे प्रश्न विचारता येतात. लग्नाला जाताना मी साड्यांचे फोटो काढून काठ कसला, पदरावर काय आहे, कुठे डाग पडलाय का, हे विचारून घेते. आईला विचारलं तर ती "कुठलीही नेस, छानच दिसते," म्हणते. फोन निदान डाग सांगतो.

व्हॉट्सॲपवरची 'सुप्रभात'ची चित्रंसुद्धा आता कळतात. वर्षानुवर्षं माझ्या वाट्याला रोज सकाळी नुसतं 'फोटो, फोटो, फोटो' यायचं. नातेवाईक मंडळी नक्की काय पाठवतात याची उत्सुकता होती. आता कळलं, बहुतेक वेळा गुलाब आणि चहाचा कप असतो.

पण या वर्णनांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्यांदा सांगते. कृत्रिम बुद्धिमत्ता अडखळत नाही. तिला माहीत नसलं तरी ती ठामपणे सांगते, आवाजात शंका नसते. गोळीची ताकद, मुदतीची तारीख, रस्ता ओलांडणं, पैशांची कागदपत्रं, यांसाठी फक्त छापलेली अक्षरं जशीच्या तशी वाचणारं ॲप वापरावं किंवा माणसाला विचारावं. आणि एक : कॅमेऱ्यासमोर बँकेचं पासबुक किंवा आधार कार्ड धरताना ते चित्र कुठे चाललंय याचा विचार करावा.

वाचनाचं सुख मात्र निर्भेळ आहे. मी शाळेत असताना ब्रेलमधली कादंबरी म्हणजे पाच-सहा जाडजूड खंड, आणि एक खंड कुणीतरी नेलेला. आता 'सुगम्य पुस्तकालय' आहे. २४ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी आहे आणि दाखला दिला की सभासद होता येतं. प्रकाशकाची वेगळी परवानगी न घेता अशी पुस्तकं तयार करायला २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं आपल्याकडे मुभा दिली. पुढे याच विषयावरचा माराकेश करार झाला, तेव्हा त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २४ जून २०१४ ला. ही पुस्तकं मी 'ईझीरीडर' ॲपमध्ये उघडते, खूण ठेवते, प्रकरण बदलते, वेग बदलते. माणसाच्या आवाजात ऐकायचं तर स्टोरीटेल आहे. २०१७ मध्ये ते भारतात आलं आणि मराठी पुस्तकं चांगल्या वाचकांच्या आवाजात मिळू लागली. गाडीत उभ्यानं प्रवास असला तरी तास सव्वा तास वाचन होतं. डोळस प्रवाशाला त्या गर्दीत पुस्तक उघडणंही जमत नाही.

मराठीत अडचणी वेगळ्या आहेत. युनिकोडमधला मजकूर फोन व्यवस्थित वाचतो. पण जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल आली की पंचाईत. त्या फाँटमध्ये डोळ्यांना मराठी अक्षरं दिसतात, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, म्हणून ऐकू येतो निव्वळ गोंधळ. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, पानाचा फोटो असतो. तो मी गूगल लेन्समधून काढून वाचते. देवनागरी छापील असेल तर चांगलं निघतं, हस्ताक्षर असेल तर नशीब. रोमन लिपीतलं मराठी हा आणखी एक ताप. भाचीनं 'तू कधी येणार' असं रोमनमध्ये लिहिलं की इंग्रजी आवाज ते 'टू काडी येनार' असं वाचतो. मी तिला व्हॉइस मेसेज पाठवायला लावते. टाळ्या आणि फुलांच्या इमोजी ओळीनं पंधरा टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती, एक पुरते.

मला स्वतःला लिहायचं असेल तर दोन मार्ग. एकटी असेन तेव्हा जीबोर्ड या कीबोर्डवर बोलून. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यात मराठीत बोलून लिहायची सोय आली आणि आमच्यातल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा मराठीत मेसेज लिहिले, तेही देवनागरीत. चार लोकांत बोलून लिहिता येत नाही, तिथे टॉकबॅकचा ब्रेल कीबोर्ड, जो २०२० च्या एप्रिलमध्ये आला. फोन आडवा, पडदा बाहेरच्या बाजूला, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर, म्हणजे ब्रेलचे सहा ठिपके. ब्रेल येत असेल तर हा वेग कुठल्याही कीबोर्डला नाही. इंग्रजी ईमेल मी गाडीत याच पद्धतीनं लिहून मोकळी होते.

एवढं सगळं असूनही कुठलीही सोय उद्या राहीलच याची खात्री नसते. माझा पगार जमा होतो त्या बँकेचं ॲप मी काही वर्षं सुरळीत वापरत होते. एका सकाळी ते आपोआप अद्ययावत झालं. रंगरूप म्हणे फार सुंदर झालं. माझ्यासाठी पहिल्या पानावरची सगळी नावं गेली आणि 'लेबल नाही, बटण' सुरू झालं. टॉकबॅकमध्ये अशा बटणांना आपण स्वतः नाव देऊ शकतो. मी सहकारी मॅडमना शेजारी बसवून एकेकाला नाव दिलं. पुढच्या पानावर लॉगिनसाठी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं टाइप करायची होती, ऐकायचा पर्याय नव्हता. तिथे सगळं थांबलं. ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन शाखेत या." माझं खातं, माझी सही, माझे पैसे. सोबत कुणाला आणि का घ्यायचं? मी शाखेत एकटीच गेले, लेखी तक्रार दिली, पोच घेतली. चित्रातली अक्षरं काही महिन्यांनी गेली, बटणांची नावं एकेक करून परत आली. कुणी कळवलं नाही, मलाच एक दिवस ऐकू आलं.

तक्रार करताना हाती काय आहे हे माहीत असावं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि डिजिटल सेवा आम्हाला वापरता येतील अशा असाव्यात हे त्यात आहे. त्याहून अलीकडची गोष्ट म्हणजे ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतर, तसंच अमर जैन हे दृष्टिहीन वकील यांच्या याचिका होत्या. ऑनलाइन केवायसी करताना डोळ्यांची उघडझाप करा, चेहरा चौकटीत आणा, असं ॲप सांगतं. ज्याला दिसत नाही त्यानं ती चौकट शोधायची कुठे? आणि ज्यांचे डोळे ॲसिडनं गेले त्यांनी उघडझाप कशी करायची? न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठानं डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. 'सोबत कुणाला तरी आणा' असं कुणी सांगितलं तर मी आता या निकालाची तारीख सांगते. समोरच्याचा सूर बदलतो.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला थोडा आहे. पहिल्या आठवड्यात एकही नवं ॲप घेऊ नका. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू करा आणि फोन उचलणं, फोन लावणं, वेळ ऐकणं, एवढंच करा. बोटांना सवय झाली की व्हॉट्सॲप, मग यूपीआय, मग कॅमेरा. शिकवायला अंध माणूस शोधा, कारण डोळस माणूस पडद्याकडे पाहून 'तो निळा बाण दाब' असंच सांगणार. मुंबईत वरळीला नॅब आहे, सेंट झेवियर्स कॉलेजातलं रिसोर्स सेंटर आहे. अशा ठिकाणी विचारा. घरच्यांनी फोन हातातून काढून घेऊन 'दे, मी करून देतो' म्हणणं बंद करावं. वेळ लागू द्या.

ॲप बनवणाऱ्या आपल्याकडच्या तरुण मुलामुलींना सांगणं एकच आहे. तुमच्या फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून आहे, फुकट आहे. दोन्ही आवाजाची बटणं एकत्र तीन सेकंद दाबून ते चालू होण्याची सोय सेटिंगमध्ये करून घ्या, पडदा झाका आणि तुमच्याच ॲपमधून एक व्यवहार पूर्ण करून पाहा. जिथे अडाल तिथे आम्हीही अडतो. बटणाला नाव द्यायला एक ओळ लागते.

आणि बाकीच्यांसाठी : लग्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकाल तेव्हा तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता खाली टाइप करा. आम्ही वेळेवर येऊ.